नकाशावरील रेघ आणि रानांतील बांध

अलीकडे गांवोगांवचे सुशिक्षित तरुण संगणकावर पायथन नांवाच्या भाषेंत चार ओळी लिहून विहिरी, नाले, पाणंद व बांध यांचे नकाशे काढूं लागले आहेत. हा उद्योग स्तुत्य आहे. परंतु महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेल्या मजसारख्यास त्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

ही युक्ति मुळांत नवी नाहीं. जुन्या मोजणींत ३३ फुटी सांखळी बांधावरून फिरे, मोजलेले आंकडे टिपणांत उतरत व त्यांवरून नकाशा तयार होई. नकाशा फाटला तरी टिपणावरून पुन्हां काढतां येई. पायथनचेंही असेंच आहे. बिंदूंचे आंकडे क्रमानें देऊन जोडावयास सांगितले म्हणजे रेघ होते. क्रम चुकला तर तीच रेघ शेतांतून आडवी जाते. बिंदु न जोडतां त्यांस वर्तुळ वा त्रिकोण असा आकार सांगितला कीं चिन्ह होतें. म्हणून केवळ चित्र जपूं नये. आंकडे व लिहिलेले हुकूम हेही दप्तरांत ठेवावे, म्हणजे दुसऱ्यास ताळा पाहतां येईल.

आमच्याकडील एका तरुणानें १२ विहिरी मांडल्या, तों गांवांत एकही दिसेना! आधीं रेखांश व मग अक्षांश द्यावयाचा, तो त्यानें उलट दिला. त्यामुळें १८ अंश उत्तर व ७५ अंश पूर्व येथील आमच्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रांत जाऊन पडल्या. ही चूक हंसण्यावारी गेली, कारण ती डोळ्यांस दिसली.

न दिसणारी चूक मात्र घातक होय. फोनवर घेतलेला बिंदु उघड्या रानांतही सुमारें ५ मीटर, म्हणजे अर्धी सांखळी, इकडेतिकडे होऊं शकतो. दहा सांखळ्या लांबीच्या बांधावर अर्धी सांखळी सरकली तर ५ गुंठे जमीन या कागदावरून त्या कागदावर जाते. याहून कमी जमिनीपायीं सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवितांना मीं पाहिले आहेत. संगणक मात्र संशयित बिंदूंमधूनही तितकीच ठसठशीत रेघ ओढतो, व पाहणारा तिला सरकारी हद्द समजतो.

यास्तव माझें मत असें कीं, भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीनें ठरलेली हद्द तेवढीच अखंड रेघेनें दाखवावी. फोन घेऊन चालत काढलेली हद्द तुटक रेघेनें दाखवावी. त्यास हुकुमांत एका चिन्हाचा फरक पुरतो. नकाशाखालीं चिन्हांचा अर्थ, बिंदु कोणीं व कोणत्या तारखेस घेतले, हें लिहावें. तुटक रेघांनीं नकाशा अपुरा दिसतो, असें कोणी म्हणतात. अपुरा असेल तर अपुरा दिसावा, यांत गैर तें काय? विहिरी, नाले व पाणंद यांच्या नियोजनास असा नकाशा फार उपयोगी पडेल. परंतु हद्दीच्या तंट्यांत तो पुरावा म्हणून कोणीं पुढें करूं नये, व आपल्या संस्थेनेंही त्यावर शिक्का मारूं नये.