चित्र येते, पण उशिरा!

वहिनींना पाचवा महिना होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाचा कणा मण्यांच्या माळेसारखा दिसला आणि मी हरखून गेले. डॉक्टरीणबाई मात्र कणा कुठे उघडा राहिला नाही ना, हे निरखीत होत्या. सुदैवाने सर्व ठीक होते.

१९७५ साली लंडनमध्ये स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी ध्वनिलहरींच्या चित्रांवरून हा दोष गर्भातच ओळखता येतो, हे दाखवून दिले. त्या विद्येचे ऋण मी मानते. परंतु ज्या नळीतून मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते. त्या वेळी कित्येकींना दिवस गेल्याची कल्पनाही नसते! चित्र दाखविते ते घडून गेलेले.

उपाय आधी हवा. असे मूल पूर्वी झालेल्या मातांनी गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तेव्हा हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले, असे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत आढळले.

मैत्रिणींनो, लग्न ठरले की शालू-दागिन्यांच्या याद्या होतात. डॉक्टरांना विचारून घ्यायच्या या साध्या गोळीला त्या यादीत जागा का नसावी?