अडीचशे वॅटची तीनचाकी आणि मढचा चढ

मढहून वेसाव्याला जायचे दोन मार्ग आहेत. खाडी ओलांडणारी फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे पोहोचवते. रस्त्याने जायचे तर एरंगळ, मार्वे, मालाड असा वीस किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. चालता येणाऱ्या माणसाला बोट सोयीची वाटते आणि मोटारसायकलवालेही गाडी बोटीत चढवून निघून जातात. बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी सायकलवर बसलेल्या दिव्यांग प्रवाशाला मात्र आधी ओहोटीची वेळ पाहावी लागते. पाणी उतरले की बोट खाली जाते, तिच्यापर्यंतचा उतार लांबतो आणि ओला राहतो. खाली जाणे कसेबसे जमते, पण परतीला तोच उतार चढ होऊन समोर येतो.

हा प्रश्न एकट्या मढचा नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६३ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, तर देशभरात हालचालीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या ५४ लाखांवर होती. गेल्या काही वर्षांत त्यांच्यापैकी अनेकांच्या हातपॅडलच्या सायकली जाऊन बॅटरीच्या तीनचाकी आल्या. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून आणि कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कारखान्यामार्फत त्यांचे वाटप होते. सपाटीवर या गाड्या चांगल्या धावतात. त्यांचे घोडे अडते ते उड्डाणपुलावर, डोंगरउतारावरच्या वस्तीत, रुग्णालयाच्या रॅम्पवर. मग गॅरेजवाला सांगतो, ‘मोठी मोटर टाका, जोरात चढेल.’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे आणि कायद्याच्या दृष्टीने अडचणीचाही.

आधी हिशेब पाहू. गाडी ८० किलो, माणूस ६५ किलो आणि सामान २५ किलो, असे एकूण १७० किलो वजन धरू. आपल्याकडच्या सपाट रस्त्यावर एवढे वजन ढकलायला साधारण ३० न्यूटन जोर लागतो. ताशी १५ किलोमीटर वेगाला १२५ वॅट पुरतात, म्हणजे अडीचशे वॅटची मोटर आरामात काम करते. आता १:१२ चा चढ घ्या, म्हणजे बारा फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. सार्वजनिक इमारतींच्या रॅम्पसाठी सांगितलेली ही कमाल मर्यादा आहे, त्यामुळे अपंगांना चालेल असा जो चढ आपण मानतो तो हाच. त्यावर त्याच गाडीला १७० न्यूटन, म्हणजे सपाटीच्या साडेपाचपट जोर लागतो. ताशी १० किलोमीटर वेग हवा असेल तर चाकापाशी सुमारे ४७० वॅट पोहोचायला हवेत. अडीचशे वॅटमध्ये वेग पाच किलोमीटरवर येतो, आणि तोही मोटर त्या वेगाला पूर्ण शक्ती देत असेल तरच.

ती सहसा देत नाही, आणि दुखणे नेमके तिथे आहे. या गाड्यांत बहुधा चाकाच्या आतच बसवलेली हब मोटर असते. तिला मध्ये गिअर नसेल तर चाक हळू फिरले की मोटरही हळू फिरते. जोर जितका जास्त, तितका करंट जास्त, आणि तारांतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. साडेपाचपट जोर म्हणजे जवळपास तीसपट उष्णता. चढावर मोटर तापते, कंट्रोलर करंट तोडतो आणि गाडी मध्येच थांबते. शिशाची बॅटरी असेल तर आणखी एक भर पडते, कारण जास्त करंट ओढला की तिची साठवणक्षमताच कमी मिळते. सपाटीवर घरापर्यंत पोचवणारी बॅटरी चढाच्या वाटेवर अर्ध्यातच मान टाकते ती यामुळे.

म्हणून मोठ्या मोटरीपेक्षा गिअर हा अधिक शहाणा उपाय आहे. मोटर आणि चाक यांच्यात २:१ चे चेन-स्प्रॉकेट बसवले की त्याच जोराला मोटरवरचा करंट निम्मा होतो आणि उष्णता पावपट. कमाल वेगही निम्मा होतो, पण चढावर वेग कोणाला हवा आहे? लहान व्यासाच्या चाकाने असाच फायदा मिळतो, फक्त खड्ड्यांत ते जास्त आपटते. आतच गिअर असलेली हब मोटर मिळते आणि ती चढाला चांगली असते. मात्र तिच्यात बहुधा फ्रीव्हील असते, त्यामुळे उतारावर ती मोटर ब्रेकचे काम करत नाही. गॅरेजमध्ये या शेवटच्या मुद्द्याची चर्चा क्वचितच होते.

मला स्वतःला चढण्याइतकीच उतरण्याची आणि थांबण्याची काळजी वाटते. मोटारसायकलवाला चढावर अडकला तर पाय टेकतो. इथे पाय टेकताच येत नाहीत. गाडी मागे सरकू लागली तर हाताने दाबून जागीच अडकणारा पार्किंग ब्रेक हवा, आणि मुख्य ब्रेक दोन वेगवेगळ्या चाकांवर, एकमेकांपासून स्वतंत्र असे हवेत. मोटर पुढच्या चाकात असेल तर आणखी एक धोका आहे. चढावर वजन मागे जाते, पुढचे चाक हलके होते आणि ओल्या रस्त्यावर ते जागीच गरगरते. अशा गाडीला दुप्पट ताकदीची मोटर लावली तर चाक फक्त जास्त जोरात गरगरेल. बॅटरी पुढे आणि खाली सरकवणे किंवा ताकद मागच्या आसावर नेणे हा त्यावरचा मार्ग. मढसारख्या ठिकाणी खाऱ्या हवेचाही विचार करायला हवा. तिथे कनेक्टर आणि ब्रेकच्या केबली गंजतात, आणि पावसाळ्यानंतर त्या तपासल्या नाहीत तर वर सांगितलेले सगळे उपाय कागदावर राहतात.

हातपॅडलच्या जुन्या सायकलीच बऱ्या होत्या, असे म्हणणारेही भेटतात. वैद्यकशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. हातांनी सलग पन्नास वॅट काढणारा माणूस १:१२ च्या चढावर ताशी दीड किलोमीटरही जाणार नाही, आणि रोज असे केले तर खांद्याचे स्नायूबंध झिजतात. ज्याला पाय नाहीत त्याचे खांदे हेच पाय असतात. पलंगावरून उठणे, शौचालयात जाणे हे सगळे त्यांच्यावरच चालते. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्त देशाचे प्रमाणपत्र मिळाले, पण त्याआधी पोलिओ झालेली पिढी आता चाळिशी-पन्नाशीच्या पुढे आहे. अनेक दशकांनी उरलेले स्नायूही थकू लागतात, त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात, आणि त्यात अतिश्रम टाळणे हाच मुख्य सल्ला असतो. मणक्याला दुखापत झालेल्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. उतारावर धड पुढे झुकते म्हणून त्यांना छातीचा पट्टा लागतो. कमरेखाली संवेदना नसल्याने तापलेली बॅटरी किंवा मोटर मांडीला लागली तरी भाजल्याचे कळत नाही. दुखापत मानेजवळ असेल तर घाम येत नाही, आणि उन्हात चढावर अडकून पडणे त्यांना खरोखर घातक ठरू शकते.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बॅटरीवरच्या वाहनाची मोटर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि तसे चाचणी संस्थेने प्रमाणित केले असेल, तर ते ‘मोटार वाहन’ समजले जात नाही. त्याला नोंदणी, परवाना, विमा लागत नाही. मोटर पाचशे वॅटची केली की ही सवलत जाते, मग गाडी ताशी सात किलोमीटरने चढत असली तरी. दुसऱ्या बाजूला मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या ‘अनुकूलित वाहना’ची सोय आहे आणि कलम ५२ खाली बदलाला परवानगी मिळते. पण ती नोंदणीकृत गाडीला. ज्या गाडीची कधी नोंदणीच झाली नाही, तिच्यासाठी त्या दारातून आत जाणे अवघड आहे.

ब्रिटनमध्ये रस्त्यावर चालणाऱ्या अपंगांच्या गाड्यांना वेगाची मर्यादा आहे, ताशी आठ मैल, आणि रिकाम्या गाडीच्या वजनाची मर्यादा आहे, १५० किलो. मोटरच्या ताकदीला मर्यादा नाही. हा विचार मला जास्त पटतो. रस्त्यावरच्या इतरांना धोका असतो तो वेगाचा आणि वजनाचा. ताकद ही चढणाऱ्याची गरज आहे. अडीचशे वॅटची अट सपाट गावातल्या माणसाला जाणवत नाही, भांडुपच्या टेकडीवर राहणाऱ्याला ती रोज जाणवते.

गंमत म्हणजे पुरवणी बदलांची तरतूद आपल्या कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधले कलम ४१ सरकारला सांगते की व्यक्तिगत हालचालीसाठी परवडणाऱ्या योजना कराव्यात, आणि वाहनांत बदल करून घेणे हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. वाटपाच्या योजना आहेत, बदलाच्या दिसत नाहीत. पीएम ई-ड्राइव्ह योजनेचा भर ई-दुचाकी, ई-रिक्षा, मालवाहू तीनचाकी आणि बस यांवर आहे, अपंगांची तीनचाकी त्यात बसत नाही. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग करण्याची घोषणा केली. त्याच महिन्यात माथेरानमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला. विजेवरची तीनचाकी घाटवाट चढते की नाही, हा प्रश्न तेव्हाच सुटला होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

मद्रास आयआयटीत तयार झालेल्या ‘निओबोल्ट’ने आणखी एक वाट दाखवली आहे. यात व्हीलचेअरला पुढे मोटरीचे चाक जोडले जाते, आणि घरी पोचल्यावर ते काढून ठेवता येते. पण तिथेही ताकद पुढच्याच चाकात आहे, तेव्हा ओल्या चढाबद्दल वर म्हटलेले लक्षात ठेवून चालवून पाहणे बरे.

गाडी वाटणाऱ्या किंवा विकणाऱ्यांकडून एक आकडा मागायला हवा आणि तो बहुतेक माहितीपत्रकांत नसतो: एवढ्या वजनासह, एवढ्या चढावर, किती मिनिटे. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, हे सगळे छापतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे वाहनांची चढक्षमता मोजण्याची सोय आहे, आणि तिथून मिळालेला आकडा गाडीच्या पाटीवर कोरायला फार खर्च येणार नाही.

मढकरांसाठी यात आणखी एक काम उरते. वेसावे आणि मढ यांना जोडणारा पूल महापालिकेने आखला आहे. पुलावरचा चढ १:३० इतका सौम्य असला तरी आपल्या हिशेबातली १७० किलोची गाडी अडीचशे वॅटवर ताशी दहाच किलोमीटरने चढेल, मागे भरधाव मोटारी असताना. तेव्हा चढ किती आणि सावकाश चालणाऱ्या गाडीला कडेची वेगळी मार्गिका आहे का, हे नकाशा अंतिम होण्याआधी विचारलेले बरे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक असायला हवेत असे सांगितले आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात आता नुसता विनंतीअर्ज नाही.