वहीत न लिहिलेली काटकसर

या दिवाळी अंकाची आखणी करताना आम्ही वाचकांना एक विनंती केली होती: घरखर्चाच्या वहीची काही पानं आमच्याकडे पाठवा, नाव कुठेही येणार नाही. पानं आली. काही मुलांच्या जुन्या वह्यांत उरलेल्या कागदांवरची, काही मोबाईलमधल्या नोंदींचे फोटो. ज्या घरांत ओव्हरटाइम बंद झाला, कंत्राट संपलं, दुकान चालेनासं झालं किंवा सोयाबीनला भाव मिळाला नाही, त्या घरांची पानं मी पुन्हापुन्हा वाचली.

मिळकत कमी पडू लागली की बहुतेक घरं एकाच क्रमाने हात आखडतात. घरभाडं थांबत नाही. बँकेचा हप्ता खात्यातून परस्पर जातो. शाळेची फी, गॅस, विजेचं बिल यांना फार तर आठवडाभर पुढे ढकलता येतं. राहतं वाणसामान, भाजी आणि दूध. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार देशातल्या शहरी घराच्या खर्चातला सुमारे ४० टक्के आणि ग्रामीण घराच्या खर्चातला सुमारे ४७ टक्के वाटा खाण्यापिण्याचा आहे. कात्री तिथेच लागते. तूरडाळीऐवजी मसूर, फळं फक्त उपासाला, दुधाचा रतीब एका लिटरवरून अर्ध्यावर.

त्या अर्ध्या लिटरचं पुढे काय होतं? मुलांचा पेला भरतो, सासऱ्यांचा चहा होतो, कामावर जाणाऱ्याच्या डब्यात दही जातं. घरातली बाई कोरा चहा घेते. वहीत ‘दूध निम्मं’ एवढंच असतं. कोणाचं बंद झालं ते नसतं. एका वहीत थायरॉईडच्या गोळ्यांची नोंद दर महिन्याला होती, ती मध्येच थांबली. आजार थांबला असेल असं वाटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्याला कारणं अनेक आहेत, एकट्या काटकसरीवर मी तो आकडा लादणार नाही. पण अंगात रक्तच कमी असलेल्या बाईची डाळ आणि दूध तोडून जे पैसे उरतात, त्यांना बचत म्हणायला माझं मन तयार नाही.

मोठी गळती बहुतेक वेळा व्याजात असते, आणि नोंदींत तीच सर्वांत पुसट असते. क्रेडिट कार्डावर ‘किमान रक्कम’ भरून महिना निभावला असं वाटतं. पण दरमहा साडेतीन टक्क्यांनी २५,००० रुपयांच्या थकबाकीवर महिन्याला ८७५ रुपये व्याज चढतं. रोजचं अर्धा लिटर दूध तोडून महिनाभरात साधारण एवढेच वाचतात. दूध बंद होतं आणि व्याज चालू राहतं! घरात सोनं असेल तर ते बँकेत तारण ठेवून आधी कार्ड फेडावं, तिथला दर पुष्कळ कमी असतो. मात्र सोडवायची तारीख त्याच दिवशी ठरवावी. मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाच्या वाटेला जाऊ नये, हे मी हात जोडून सांगते.

मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनी व्याजाची ही गळती फार पूर्वी ओळखली होती. गिरणी कामगारांचे डबे करणाऱ्या या बायका किराण्यासाठी सावकाराकडून उचल घ्यायच्या आणि राबून मिळवलेलं व्याजात घालवायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारं त्यांच्यासाठी उघडायला लावली. स्वयंपाक तोच राहिला, कष्टही तेच. व्याज उतरलं आणि त्यांच्या हातात पैसा राहू लागला.

काटकसरीच्या बाकीच्या वाटा बहुतेकांना ठाऊक असतात. विजेचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहिला तर दराचा वरचा टप्पा टळतो. रोजच्या गोळ्यांना जनौषधी केंद्रात स्वस्त पर्याय आहे का, ते डॉक्टरांना विचारता येतं. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे.

यापेक्षा अवघड आहे ते घरात तोंड उघडणं. पगार घटल्याचं दोन-दोन महिने बायकोला न सांगणारे पुरुष आहेत. लाज वाटते, काळजी नको म्हणून लपवतात. तोवर घर जुन्याच हिशेबाने चालतं आणि कर्ज वाढतं. पहिल्याच महिन्यात सगळ्यांनी एकत्र बसावं, जमा आणि खर्च मोठ्याने वाचावेत, दहा-बारा वर्षांच्या मुलांसमोरसुद्धा. कशाला हात लावायचा नाही ते आधी लिहावं: सगळ्यांचं औषध, सगळ्यांचं दूध, मुलीची फी. मग मुलाच्या मोबाईलचा हप्ता, लग्नाचा आहेर, गाडीचं पेट्रोल चर्चेला घ्यावं. आहेर कमी केला तर लोक काय म्हणतील, ही भीती खरी आहे. ती सगळ्या घराने मिळून सोसावी.

आणि महागाई हा एकेका घराचा दोष नव्हे. १९७२ च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांनी वेगवेगळ्या पक्षांच्या असूनही महागाईविरुद्ध बायकांची एकजूट केली. हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या आणि तेल, साखर, रॉकेलचा जाब त्यांनी सरकारला विचारला. कमी पैशांत भागवणाऱ्या बायकांना गप्प बसून भागवा, असं त्या वेळी कोणी सांगू शकलं नाही. आजही सांगू नये.

वाचकांनी पाठवलेल्या पानांवर आधारलेला विभाग अंकाच्या मध्यावर आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत फराळासोबत अंक येतो. यंदा ज्यांना तो विकत घेणं जड जाईल, त्यांनी गावातल्या वाचनालयातून घ्यावा. बऱ्याच वाचनालयांत ठरावीक वर्गणीत मोसमातले सगळे दिवाळी अंक वाचायला मिळतात. आमच्या अंकाची एक प्रत कमी खपली तरी चालेल. वाचून झाल्यावर आपल्याही वहीचं पान आम्हाला पाठवा, औषधाच्या आणि दुधाच्या नोंदीपुढे कोणाचं ते लिहून.