गोपनीयतेचा कायदा आणि सरकारी प्रकाशक

चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या आवारात डिसेंबर २०२४ मध्ये एका विद्यार्थिनीवर लैंगिक अत्याचार झाला. तिने धैर्याने तक्रार नोंदविली. पण काही दिवसांतच तिचे नाव-पत्ता असलेला प्रथम खबरी अहवाल समाजमाध्यमांवर फिरू लागला. हा अहवाल पोलिसांच्या संगणकप्रणालीत काही काळ खुला राहिला होता. दंडविधानाच्या जागी न्याय संहिता आल्यामुळे तो कुलूपबंद होण्यास विलंब झाला, असे स्पष्टीकरण पोलिसांनी दिले. मद्रास उच्च न्यायालयाने तीन महिला आयपीएस अधिकाऱ्यांचे विशेष तपास पथक नेमले आणि पीडितेला २५ लाख रुपये अंतरिम भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

या प्रकरणात नियमांची उणीव नव्हती. महाराष्ट्रातील देसाईगंज पोलीस ठाण्यातील १९७२ च्या अत्याचार प्रकरणानंतर देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये पीडितेची ओळख उघड करणे दंडनीय ठरले. आज हीच तरतूद न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर टाकावेत, मात्र लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील अहवाल वगळावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच बजावले होते.

उणीव आहे ती रचनेत. १९८३ च्या कायद्यापुढे मुख्यतः छापील वृत्तपत्रे होती. आता सर्वांत मोठे प्रकाशक स्वतः सरकारच आहे. अशा वेळी आधी संपूर्ण दस्तऐवज तयार करायचा आणि नंतर त्याला कुलूप लावायचे, ही पद्धत धोक्याचीच. एक कलम बदलले की कुलूप निखळते.

त्याऐवजी अहवालाचे दोन भाग करावेत. गुन्हा, कलमे, तारीख व पोलीस ठाणे हा सार्वजनिक भाग. तक्रारदाराचे नाव, पत्ता व दूरध्वनी स्वतंत्र, मोहोरबंद पृष्ठावर. संवेदनशील गुन्ह्यांत पहिला भागही अप्रकाशितच राहावा. मोहोरबंद पृष्ठ कोणी, केव्हा पाहिले याची नोंद राहावी. पारदर्शकतेचा हेतू पोलिसांवर लक्ष ठेवणे हा आहे. त्यासाठी तक्रारदाराचे घर ठाऊक असण्याची गरज नाही. विशेष विवाह कायद्याखालील नोटिशीलाही हाच निकष लावावा. घरच्यांचा विरोध पत्करून विवाह करणाऱ्यांचा पत्ता कार्यालयाच्या फलकावर लागणे त्यांच्या जिवावर बेतू शकते.

चेन्नईच्या महिला न्यायालयाने जून २०२५ मध्ये आरोपीला जन्मठेप सुनावली. किमान ३० वर्षे त्याला सवलत नाही. गुन्हेगाराला शिक्षा झाली, भरपाईचा आदेशही निघाला. पण एकदा फुटलेला पत्ता कोणतेही न्यायालय पुन्हा गुप्त करू शकत नाही. पुढची तक्रारदार ठाण्याची पायरी चढण्यापूर्वी हेच आठवून मागे फिरली, तर त्याची नोंद कोणत्याही अहवालात होणार नाही.