तोंडीचे वीस मार्क कुणाचे?

दहावीला मराठीच्या तोंडी परीक्षेत तुम्हाला किती पडले होते? अठरा? एकोणीस? वर्गात वर्षभर तोंड न उघडलेल्या मुलालाही सतरा-अठरा आणि वक्तृत्व स्पर्धेत ढाल जिंकून आणणाऱ्या मुलीलाही एकोणीस. आपण ते मार्क खिशात टाकले आणि पुढे निघालो. हिशेब सोपा होता. तोंडीचे अठरा हातात असले की पस्तीस गाठायला लेखीत ऐंशीपैकी सतरा पुरतात.

शाळा हे मार्क वाटतात, ही ओरड जुनीच. म्हणून २०१८-१९ मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या भाषा विषयांचे तोंडीचे वीस मार्क काढूनच टाकले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा निकाल लागला ७७.१० टक्के. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळे सगळं खापर वीस मार्कांवर फोडता येणार नाही. पण अकरावीच्या प्रवेशात बाकीच्या बोर्डांची मुलं अंतर्गत गुण घेऊन पुढे उभी, म्हटल्यावर पालक चिडले. काही महिन्यांत वीस मार्क परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. आणि २०१९ च्या त्याच बॅचची बारावी कोरोनामुळे लेखी परीक्षेविना झाली, निकाल ९९.६३ टक्के!

या सगळ्या गदारोळात चर्चा कशाची झाली? टक्क्यांची. मुलांना बोलता येतं का, हे कुणी विचारलंच नाही.

तुमच्यापैकी जे पुढे बीएड करणार आहेत, त्यांना मूल्यमापनाच्या पुस्तकात दोन शब्द भेटतील : सप्रमाणता आणि विश्वसनीयता. पाठ करून विसरण्यासारखे वाटतात, पण मुद्दा त्यांच्यातच आहे. जे मोजायचं तेच परीक्षा मोजते का, ही सप्रमाणता. पोळी लाटता येते का हे बघायला कुणी पोळीची कृती लिहायला सांगत नाही. तसंच बोलणं तपासायचं तर बोलायलाच लावावं लागणार. विश्वसनीयता म्हणजे तेच उत्तर दुसऱ्या शिक्षकांनी तपासलं तरी मार्क साधारण तेवढेच पडणं. लेखी पेपर यात बराच बरा. नमुना उत्तरं ठरलेली, तपासणाऱ्यावर नजर. पण तो बोलणं मोजत नाही. तोंडी परीक्षा बोलणं मोजू शकते, पण तिथे मार्क कशावर दिले याचा पत्ता नाही. म्हणजे बिघाड होता विश्वसनीयतेचा आणि आपण फेकून दिली सप्रमाणता. वीस मार्क परत आणताना बिघाडही जसाच्या तसा परत आणला.

तुम्ही म्हणाल, अठरा सगळ्यांनाच मिळतात तर नुकसान कुणाचं? आधी शिकवण्याचं. परीक्षेत जे येतं तेच वर्गात शिकवलं जातं. अभ्यासक याला ‘वॉशबॅक’ म्हणतात. मार्क न बोलताच मिळणार असतील तर साठ मुलांच्या वर्गात संवादाचा तास घेईल कोण? त्या तासाला अपेक्षित प्रश्नसंच उघडला जातो. बातमीलेखनाचे नमुने आपण पाठ केले होते, आठवतं? इंटर्न म्हणून सांगते, ती पाठ केलेली बातमी इथल्या डेस्कवर दोन मिनिटंही टिकणार नाही.

दुसरं नुकसान जास्त टोचणारं आहे. घरी अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाची मराठीची तोंडी परीक्षा आपण नक्की कशाची घेतो? त्याने ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं, पण गावातल्या टँकरचा प्रश्न मुद्देसूद मांडला, तर किती मार्क? निकष लिहिलेले नसतील तर शिक्षकांचा कान निर्णय घेतो. आणि तो कान कुठल्या घरात घडलाय यावर मुलाचे मार्क ठरतात. सगळ्यांना अठरा वाटले जातात तेव्हा हा अन्याय झाकला जातो इतकंच. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या टेबलावर तो उघडा पडतो. तिथे अठरा कुणी देत नाही.

परदेशी शिकायला जाणारे तुमचे मित्र आयईएल्ट्स देतात. त्यात समोरासमोर ११ ते १४ मिनिटं बोलायचं असतं, संभाषण रेकॉर्ड होतं आणि मार्क चार गोष्टींवर : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. ही परीक्षा लई भारी आहे असं मला म्हणायचं नाही, तिची फी बघूनच अनेकांचा घसा कोरडा पडतो. पण मार्क कशाचे, हे तिथे आधी सांगितलेलं असतं.

‘आपल्याकडे कसं जमणार, दहावीला पंधरा लाख मुलं बसतात!’ खरंय. साठ मुलांना अकरा मिनिटं दिली तर एका शिक्षकाचे अकरा तास गेले. पण तीन मिनिटं दिली तर तीनच तास, तेही आठवडाभरात विभागून. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं, चार निकषांचा एक कागद ठेवायचा आणि प्रत्येक वर्गातली पाच-सहा रेकॉर्डिंग शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांनी ऐकायची. हे काही चंद्रावर जाणं नाही. उलट आपल्याच अहवालातला अठरा बरोबर होता की नव्हता, हे शिक्षकांना पहिल्यांदा दुसऱ्या कुणाकडून तरी कळेल.

तोपर्यंत तुमच्या हातात एक गोष्ट आहे. कॉलेजातही प्रेझेंटेशनचे, व्हायवाचे अंतर्गत मार्क असतातच. या सेमिस्टरला सर-मॅडमना आधीच विचारा, हे मार्क कशाकशाचे आणि प्रत्येकाला किती? विचारताना जरा अवघडायला होईल. पण ते उत्तर फळ्यावर लिहायला सांगा.