वाचले म्हणजे किती वाचले?

गेल्या पावसाळ्यात आमच्या नात्यातील एका चौदा वर्षांच्या मुलाला पहाटे दोनच्या सुमारास वेदनेने जाग आली. त्याने आईला सांगितले ते इतकेच, की पोटात दुखते आहे. दोनदा उलटी झाली. ओव्याची फक्की, बेंबीभोवती हिंगाचा लेप, गरम पाण्याची पिशवी असे घरगुती उपाय झाले. दुखणे खरे कोठे आहे, हे त्याने सकाळी दहा वाजता वडिलांना एकटे गाठून सांगितले. शस्त्रक्रिया सुरू झाली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. म्हणजे अकरा तास.

डाव्या वृषणाला पीळ पडला होता. वृषण ज्या रज्जूला लोंबकळते, त्यातूनच त्याच्या रक्तवाहिन्या जातात. रज्जूला पीळ पडला की आधी रक्त परतण्याची वाट बंद होते, मग येण्याची. बारा ते अठरा या वयात हे अधिक घडते. पुष्कळदा झोपेत, काही मार न लागता. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहापैकी सुमारे नऊ वृषणे वाचतात. बारा तासांनी निम्मी, चोवीस तासांनंतर क्वचितच.

पीळ सोडवल्यावर शल्यचिकित्सकांनी वृषण कोमट ओल्या कापडात ठेवून काही वेळ वाट पाहिली. काळसर रंग हळूहळू निवळला, म्हणून ते काढले नाही. घरात सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सहा महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत मात्र तेच वृषण निम्म्याने आकसलेले दिसले. मुलाचे वडील कापडाचे व्यापारी, हिशेबाला पक्के. कागदपत्रांची पिशवी घेऊन ते माझ्याकडे आले. ‘‘काका, तेव्हा वाचले म्हणाले होते. मग हे काय?’’ मी डॉक्टर नव्हे. पण आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे कागद वाचले, त्यामुळे नातलग कोणताही कागद माझ्यापुढे ठेवतात. एका परिचित तज्ज्ञांना गाठले, थोडे वाचलेही. समजले ते असे.

रक्त थांबते तेव्हा पेशींची ऊर्जा संपते आणि तिच्या विघटनातून काही द्रव्ये साचून राहतात. पीळ सुटून प्राणवायू परतला की याच द्रव्यांपासून अतिशय उपद्रवी रेणू तयार होतात व ते पेशींच्या आवरणातील स्निग्धांशावर तुटून पडतात. पाठोपाठ रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे गर्दी करतात. म्हणजे जो रक्तपुरवठा जीवदान देतो, तोच दुसरी इजाही करतो. ज्या पेशींपासून शुक्राणू तयार होतात, त्या सर्वांत नाजूक. पुढील काही दिवसांत त्या आपणहून मरू लागतात. संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी त्या मानाने चिवट असतात. वरचा रंग गुलाबी दिसला तरी आतल्या नलिका रिकाम्या होत जाऊ शकतात.

ही आतली हानी मोजण्याचे मापदंड म्हणजे जैवसूचक. स्निग्धांश जळाल्याची राख म्हणावी असा मॅलॉनडायअल्डिहाइड हा पदार्थ, झीज रोखणारे सुपरऑक्साइड डिस्म्युटेजसारखे विकर, पांढऱ्या पेशींची गर्दी दाखवणारे मायलोपेरॉक्सिडेज, मरणोन्मुख पेशींतील कॅस्पेज-३, असे अनेक आहेत. नलिकांच्या स्थितीला १ ते १० गुण देणारी जॉन्सन यांची पद्धत १९७० पासून रूढ आहे. अडचण अशी, की यांतील बहुतेक मोजण्यासाठी वृषणाचा तुकडा काढावा लागतो. त्यामुळे हे ज्ञान मुख्यतः उंदरांच्या वृषणांना मुद्दाम पीळ देऊन मिळवलेले आहे. हे वाक्य लिहिताना माझी लेखणी अडखळली, ते वाचक समजून घेतील.

रक्तातून कळेल असे काही नाही का? नलिकांतील सर्टोली पेशी इन्हिबिन-बी नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. नलिका बिघडल्या की ते घटते. पण दुसरे वृषण निरोगी असते ना! दोन शाखांचा एकत्रित ताळेबंद मांडला की तोट्यातली शाखा झाकली जाते, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे. तसेच येथे होते. रक्तपुरवठा तुटल्यावर अल्ब्युमिन या प्रथिनात होणारा बदलही तपासला जातो, मात्र तो हृदयविकारासारख्या अन्य कारणांनीही होतो. त्यामुळे एवढ्या संशोधनानंतरही, वृषण ठेवावे की काढावे हा निर्णय रंग, छोटा छेद घेतल्यावर येणारे रक्त आणि उलटलेले तास यांवरच घेतला जातो.

तेव्हा वडिलांना मला सांगावे लागले, की डॉक्टर खोटे बोलले नव्हते. त्या दुपारी जितके दिसू शकत होते तितके त्यांनी पाहिले. न दिसणारे नुकसान पहाटे दोन ते सकाळी दहा या वेळात पुष्कळसे होऊन गेले होते, आणि ते आठ तास मुलाच्या संकोचात गेले. आपल्या घरांत दुकानाच्या उधारीची चर्चा मुलांसमोर मोकळेपणाने होते. या अवयवाचे नाव मात्र कोणी घेत नाही. ओटीपोटात दुखते म्हणणाऱ्या मुलाला ‘खाली दुखते का’ असे विचारायला आईला आठ शब्दही लागले नसते. अर्थात त्या माउलीला दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या घरीही हा प्रश्न कोणी विचारला नसता.

त्याच शस्त्रक्रियेत उजवे वृषणही टाके घालून जागेवर स्थिर केले आहे, कारण ज्या ठेवणीमुळे एका बाजूला पीळ पडतो ती बहुधा दुसऱ्या बाजूलाही असते. मुलाच्या आजींचा प्रश्न निराळाच होता: पुढे लग्नाचे कसे? एक निरोगी वृषण अपत्यप्राप्तीला बहुधा पुरते, असे तज्ज्ञांनी सांगितले आहे. ते मी त्यांना दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले तेव्हा तो मुलगाच खोलीत आला आणि म्हणाला, ‘‘आजी, मला विचार ना.’’