ॲप आले, हात कोठून आणायचे?

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या शुश्रूषेत परिचारिकेला मोबाईलवरील ॲपचे साहाय्य मिळावे, ही कल्पना मुळात वाईट नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, घास गिळताना ठसका लागतो काय ते पाहणे, लुळ्या हातापायांचे व्यायाम, रक्तदाबाची नोंद, गोळ्यांचा हिशेब, या साऱ्याचे स्मरण देणारे साधन संग्रामपूर वा लोणार तालुक्यातील आरोग्यसेविकेलाही उपयोगी पडेल. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. ते कोणाच्या श्रमावर चालणार, एवढेच विचारावयाचे आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे तालुके तेरा. पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, हा सरकारी दंडक. तेथील सेविकेकडे लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, तिशीवरील साऱ्यांच्या रक्तदाब-मधुमेहाच्या नोंदी, आणि या प्रत्येकाची मोबाईलवर वेगळी भरती. सोयाबीन-कपाशीच्या हंगामात मुलगा-सून शेतावर जातात. घरी लुळ्या पडलेल्या म्हाताऱ्याची कूस बदलते ती त्याची तितकीच थकलेली म्हातारी. ॲपने दर दोन तासांनी घंटा वाजविली, तरी त्या घरी जाणार कोण?

घरच्यांनाच शिकवून भागेल, असे म्हणणाऱ्यांनी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील प्रयोग पाहावा. चौदा रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या कुटुंबीयांपैकी निम्म्यांना पुनर्वसनाचे शिक्षण दिले गेले. सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबन यांत फरक पडला नाही. पुढे ३१ केंद्रांतील ४,२९८ रुग्णांवर दुसरा प्रयोग झाला. बारा भाषांतून मोबाईल संदेश, चित्रफिती व पुस्तिका दिल्या गेल्या. औषधे नियमित घेण्याचे प्रमाण थोडे सुधारले. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभरात पुन्हा पक्षाघात, हृदयविकार वा मृत्यू ओढवलेले रुग्ण संदेश मिळालेल्यांत ५.५ टक्के, तर न मिळालेल्यांत ४.९ टक्के होते. हे प्रयोग परिचारिकांवरचे नव्हेत, हे खरे. तथापि शिकविलेल्या शब्दाला प्रशिक्षित हाताची जोड नसेल तर काय होते, ते त्यांतून दिसते.

(२०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातच पक्षाघात होता. २०२३ साली नाव बदलून 'असंसर्गजन्य रोग' झाले आणि तो शब्दही गळाला.)

यंत्र श्रमिकाचे ओझे हलके करते की त्याच्यावर पहारा ठेवते, याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन निकृष्ट, 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत, आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्याच माथी! मे २०२२ मध्ये सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या. परिचारिका नेमावयाची कंत्राटावर आणि ॲप मात्र कायमचे, हा व्यवहार कोणाच्या सोयीचा?

ॲप आणावयाचेच तर ते मराठीत असावे, नेटवर्क नसलेल्या सातपुड्याच्या पायथ्याशीही चालावे, त्याचा खर्च शासनाने सोसावा, आणि त्यातील नोंदींवरून कोणाचे मानधन कापले जाऊ नये. गृहभेटीचा वेळ कामाच्या तासांत धरला जावा. त्याआधी कार्यकर्त्यांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी विचारावे : जिल्ह्यातील किती ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टचे पद मंजूर आहे, आणि त्यांपैकी किती पदांवर आज माणूस बसलेला आहे?